स्त्रियांच्या इतिहासावर पेपर लिहायचाय, पण विषयच ठरत नाहीये!

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये निम्मी तरी एकाच दुखण्याची आहेत. सबमिशनचे दिवस जवळ आलेत हे त्यावरूनच कळतं. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि हेच घेतलेत.

प्रश्न: ताई, मी एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेपरसाठी ‘महाराष्ट्रातील स्त्री शिक्षण’ असा विषय दिला तर गाईड मॅडम म्हणाल्या, हा विषय नाही, हे पुस्तकांचं आख्खं कपाट आहे. मग ‘समाजसुधारक स्त्रियांचे योगदान’ दिला तर नुसत्या हसल्या आणि कागद परत केला. वीस पानं लिहायचीत, चार महिने हातात आहेत. विषय लहान करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर: मॅडम हसल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस गं, दरवर्षी त्यांच्या टेबलावर असे ढीगभर ‘योगदान’ येऊन पडत असणार. त्यात गोची अशी की उत्तर आधीच ठरलेलं असतं, योगदान फार मोठं होतं, झालं, मग उरलेली पानं हारतुरे घालण्यात जातात. पेपरला प्रश्न लागतो, आणि तोही असा की ज्याचं उत्तर तुला स्वतःला आज माहीत नाही. विषय लहान करणं म्हणजे नुसतं महाराष्ट्राचं पुणे करायचं आणि शंभर वर्षांची दहा करायची एवढंच नाही, तेही करावं लागतंच, पण त्याच्या आधी एक घटना, एक कागद नाहीतर एक भांडण हातात धरायचं.

भांडणच धरून दाखवते. रखमाबाईंचा खटला तुला माहीत असेलच. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, नवऱ्याकडे नांदायला कधी गेल्याच नाहीत, आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या, शिकल्या. दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोला माझ्याकडे पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, जी बाई कधी नांदलीच नाही तिला जबरदस्तीने पाठवण्याला हिंदू कायद्यात आधार नाही असं त्यांचं म्हणणं. त्यावर अपील झालं, केस परत चालली, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की महिन्याभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं.

आता तू म्हणशील हे सगळं पुस्तकांत आहेच की, मी नवीन काय सांगणार. तर ही गोष्ट जरा उलटी धरून बघ. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा ही तरतूद तडजोडीनंतरही कायद्यात तशीच राहिली, ती गेली १९२३ साली. म्हणजे मध्ये पस्तीस वर्षं! या पस्तीस वर्षांत ज्यांच्यावर असे दावे झाले त्या बायका कोण होत्या, त्यांचे वकील काय बोलत होते, कोर्टाने कुणाला सोडलं आणि कुणाला नाही, क्रूर वागणुकीची तक्रार असेल तर कोर्ट ती कितपत धरायचं? त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांत कुणी पत्रं लिहिली नाहीत आणि त्यांच्या नावाचं पोस्टरही कुठे लागत नाही. हायकोर्टाचे छापील निकाल १८७६ पासून खंडांच्या रूपात निघत आलेत, जुन्या लॉ कॉलेजच्या लायब्ररीत ते धूळ खात पडलेले असतात. दोन दिवस तिथे जाऊन बस आणि मागची विषयसूची उघडून वैवाहिक हक्कांचे दावे, म्हणजे जोडीदाराने परत नांदायला यावं म्हणून लावलेले दावे, किती सापडतात ते मोज. आठदहा बरे निकाल सापडले तर वीस पानांचा पेपर तिथेच झाला म्हणून समज. एक मात्र लक्षात ठेव की छापील खंडात सगळे निकाल येत नाहीत, वरच्या कोर्टापर्यंत जायला पैसा आणि पाठबळ लागतं, त्यामुळे तुला दिसणाऱ्या बायका ‘सगळ्या बायका’ नाहीत, आणि हे तू पेपरात स्वतःहून लिहिलंस तर परीक्षक तुला ते विचारणारच नाहीत.

किंवा दुसऱ्या टोकाने धर. बायकोला नांदायला पाठवा म्हणून कोर्टात दावा लावायचा हा उपाय आला इंग्रजी कायद्यातून, आपल्या धर्मशास्त्रातून नाही, आणि तरीही त्याची बाजू घेऊन धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक आपलेच, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ रखमाबाईंच्या विरोधात होते. हे कसं काय जमलं? फक्त १८८५ ते १८८८ एवढ्या चार वर्षांचं एकच वर्तमानपत्र घेतलंस तरी पुरेल. मला विचारशील तर या दोन विषयांतला मी पहिला घेईन, कारण दुसऱ्यावर बऱ्याच जणांनी लिहून ठेवलंय.

आणि शिक्षणावरच लिहायचं असा हट्ट असेल तर १८८२ चं हंटर कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला शिक्षण आयोग, बघ. पंडिता रमाबाईंनी त्यांच्यापुढे साक्ष दिली, स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. त्या साक्षीतली एकेक मागणी घेऊन पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सरकारी शिक्षण अहवालांत तिचं काय झालं एवढंच शोध. रमाबाईंचं चरित्र सांगत बसू नको, ते एका परिच्छेदात उरक.

प्रश्न: नमस्कार. मला गिरणीत काम करणाऱ्या बायकांवर लिहायचंय, आमच्या घरातच पणजी गिरणीत होती. पण अडचण अशी की या बायकांनी स्वतः काही लिहूनच ठेवलं नाही. सर म्हणतात साधनं नसतील तर विषय सोडून दे. खरंच सोडू का?

उत्तर: अजिबात सोडू नको! सरांचं अर्धं बरोबर आहे, साधनाशिवाय पेपर होत नाही, पण बाईने स्वतः लिहिलं नाही म्हणजे तिच्याबद्दल कागदच नाही असं थोडंच असतं. ज्यांना तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं, तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं, नाहीतर तिला सुधारायचं होतं त्यांनी भरपूर लिहिलंय, आपल्याला ते तिरकं वाचावं लागतं इतकंच.

मुंबईपुरतं बोलायचं तर गिरण्यांमध्ये बायका जास्त करून वाइंडिंग आणि रीलिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात होत्या, मजुरी बहुतेक कामावर, जेवढं सूत तेवढे पैसे, आणि त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असायची, जी कामावर घ्यायची, काढायची आणि बऱ्याचदा मध्ये हातही ओला करून घ्यायची. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ १९२१ पासून निघायला लागलं. व्हिटली कमिशन म्हणून ओळखलं जाणारं कामगारांविषयीचं रॉयल कमिशन १९२९ ला नेमलं गेलं, त्याचे साक्षीपुराव्यांचे खंड छापलेले आहेत. त्याच १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा आला. एवढी तीन साधनं धरलीस तरी प्रश्न सुचायला लागतात.

उदाहरण देते. लेबर गॅझेटमध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी १९२२ च्या सुमारास गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केल्याचं छापून आलं. त्यात मुलांना अफू द्यायची गोष्ट आहे, आई कामावर गेली की बाळाने झोपून राहावं म्हणून अफूची गोळी द्यायची, बाळागोळी म्हणायचे तिला. आता हे वाचताना दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे डॉक्टर बाईंचा सूर, की या बायका अडाणी आहेत, त्यांना शिकवायला हवं. आणि दुसरी गोष्ट कागदावर सरळ लिहिलेली नाही, ती आपण जोडायची, की १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने कामाचे तास कमी केले तरी ते दिवसाला अकरा तासांपर्यंत होतेच, त्यात जायचा-यायचा वेळ धर, घरात दुसरी बाई नसेल तर अकरा-बारा तास तान्ह्या पोराचं काय करायचं? म्हणजे गोळी अडाणीपणातून आली की शिफ्टमधून? हा झाला प्रश्न. आणि तो तुझ्या पणजीपर्यंत जातो, तिच्यावर भाबडं काही न लिहिता.

प्रसूती कायद्याचाही असाच छडा लाव. बाळंतपणाच्या रजेचे पैसे मालकाने द्यायचे असं ठरल्यावर काही मालकांनी बायकांना कामावर घेणंच कमी केलं का, की त्या काळात रॅशनलायझेशन चाललं होतं, म्हणजे कमी माणसांत जास्त काम, त्यात बायकांची खाती आधी कापली गेली? दोन्ही म्हणणी आहेत आणि दोन्हीला थोडाथोडा आधार आहे. तू एका बाजूने उडी मारू नको, आकडे ज्या वर्षाचे मिळतील त्या वर्षाचेच वापर, दोन वेगळ्या रिपोर्टांतले आकडे एकमेकांना चिकटवू नको कारण मोजायची पद्धत वेगळी असते.

कामगार चळवळीतल्या बायकांच्या आठवणीही छापलेल्या आहेत, उषाताई डांगे यांचं ‘पण ऐकतं कोण?’ मिळालं तर बघ, पण ते पुढारी बाईचं लिखाण आहे हे डोक्यात ठेवून.

आणि ज्यांना गावाकडच्या बायकांवर लिहायचंय त्यांच्यासाठी सांगते, जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्यात आणि त्यातल्या पुष्कळ आता नेटवर ऐकायलाही मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सकट. सासर, भाऊ, पाऊसपाणी, पंढरपूर, बाबासाहेब आंबेडकर, सगळं आहे त्यात. फक्त एक करू नका, ओवी विसाव्या शतकाच्या शेवटी रेकॉर्ड केलेली असते, ती उचलून ‘पेशवाईतल्या बायका असं म्हणत’ असं ठोकून देऊ नका. ती कधीची हे सांगता येत नाही, आणि नेमकं त्यामुळेच बाबासाहेबांवरच्या ओव्या जास्त कामाच्या, कारण त्या कधीच्या आधीच्या असू शकत नाहीत ते तरी पक्कं कळतं.

पेशवाईचं नाव निघालंच तर, दोघीतिघींनी विचारलंय पेशवेकाळातल्या बटकी आणि कुणबिणींवर, म्हणजे गुलाम बायकांवर, लिहू का. विषय जबरदस्त आहे, पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद आहेत, बायकांवर व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारने त्यांना बटीक करून टाकल्याच्या नोंदी आहेत. पण मोडी वाचता येतं का? येत नसेल आणि हातात चार महिने असतील तर मूळ दफ्तराच्या वाट्याला जाऊ नका. सरदेसाईंनी संपादित केलेल्या छापील निवडीचे पंचेचाळीस खंड आहेत, त्यावर भागत असेल तर घ्या, नाहीतर आधी मोडी शिका आणि हा विषय पीएच.डी. साठी राखून ठेवा.

प्रश्न: सावित्रीबाईंवर पेपर करायचाय. पण सगळे म्हणतात आता त्यात नवीन काही उरलं नाही. खरं आहे का? (बी.ए. तिसरं वर्ष)

उत्तर: चरित्रात कमी उरलंय, पण भोवती पुष्कळ आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. एका शाळकरी मुलीने धर्मालाच जाब विचारलाय त्यात. शाळा सुरू झाल्या १८४८ ला, म्हणजे सात वर्षांत तिथल्या पोरीला हे लिहिता आलं, मग त्या शाळेत शिकवत काय होते, कसं शिकवत होते? आणि मिशनऱ्यांच्या पत्राने तो का छापला, त्यांचा त्यात काय फायदा? निबंध छोटा आहे, दहादा वाच, त्याच वर्षीचं ‘ज्ञानोदय’ आजूबाजूला वाच, बी.ए. च्या पेपरला एवढं खूप झालं.

नाहीतर असा विषय घे की एखादी बाई विसरली कशी गेली आणि परत आली कशी. ताराबाई शिंदेंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांत विधवांच्या चालचलणुकीवर जी बडबड सुरू झाली तिने ताराबाई भडकल्या आणि त्यांनी सरळ पुरुषांनाच पिंजऱ्यात उभं केलं. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली होती. त्यानंतर हे पुस्तक इतकं विस्मरणात गेलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं तेव्हा बहुतेकांना नवीनच होतं. १९७५ म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. तर १८८२ ते १९७५ मध्ये कुणाकुणाच्या वाङ्मयेतिहासात ताराबाईंचं नाव येतं, कुठे येत नाही, आणि ७५ नंतर त्यांना कोण कशासाठी वापरतं, हे लायब्ररीत बसून करता येण्यासारखं काम आहे, प्रवास नाही, मोडी नाही, काही नाही.

सावित्रीबाईंच्या बाबतीत एकच विनंती, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी वाक्यं पेपरात टाकू नकोस. सावित्रीबाईंबरोबर शिकवायच्या असं सांगितलं जातं त्या फातिमा शेख यांच्याबद्दल लिहायचं झालं तर सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव जिथे आणि जसं आलंय तिथून सुरुवात कर, नेटवरच्या जन्मतारखेपासून नको.

प्रश्न: मी मुलगा आहे. विमेन्स हिस्टरीमध्ये पेपर घेतोय म्हटल्यावर होस्टेलवर सगळे चिडवतात. मुलाने घ्यावा असा एखादा विषय आहे का?

उत्तर: मुलाने घ्यावा असा वेगळा विषय नसतो रे, पण तू विचारलंस म्हणून पुरुषांनी गच्च भरलेले दोन सुचवते. १८९१ चा संमतीवयाचा कायदा घे, शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा केलं एवढीच गोष्ट, आणि त्यावरून टिळकांपासून सगळे तुटून पडले. ज्या पोरींचं ते वय, त्यांचा आवाज त्या गदारोळात जवळजवळ नाहीच. कोण कुणाच्या वतीने बोलत होतं हे मोजायला घेतलंस तरी पेपर उभा राहतो. त्याच्या आदल्या वर्षी, १८९० ला, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. सुधारकांच्या भाषणांपेक्षा मला ही सभा कितीतरी जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच नाही म्हटलं, आणि त्यात त्याची कमाईही बुडणार होती. तिच्या बातम्या शोध.

दुसरा, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, १९२७ ते १९५३. त्यात वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे आणि कर्वे बेधडक उत्तरं द्यायचे, त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ ला डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते आणि तरी केस हरले. (प्रश्नोत्तरांचं सदर चालवणाऱ्यांचे तेव्हा असे हाल होते, माझं त्यामानाने बरंच म्हणायचं.) त्या पत्रांत पुरुष बायकोबद्दल काय विचारतात आणि बायका म्हणून सही केलेली पत्रं किती, दोनतीन वर्षांचे अंक घेऊन बघ. सही बाईची असली म्हणजे लिहिणारी बाईच होती असं मात्र धरून चालू नकोस. आणि होस्टेलवरच्यांना एखादं पत्र वाचून दाखव, चिडवणं बंद होईल आणि अंक मागायला येतील.

प्रश्न: आमचे गाईड म्हणतात १९४७ नंतरचं म्हणजे राजकारण, इतिहास नाही. मला सत्तरच्या दशकातल्या महागाईविरोधी मोर्चांवर करायचंय. काय करू?

उत्तर: १९७२ ला आता पन्नासच्या वर वर्षं होऊन गेली, इतिहास व्हायला अजून किती थांबायचं? गाईडशी वाद घालू नको, त्यांना साधनांची यादी दाखव, यादी बघितली की गाईड मंडळी बऱ्यापैकी मऊ पडतात. दुष्काळ, रॉकेल-तेल-धान्याचे चढलेले भाव, मुंबईत बायकांची महागाईविरोधी संयुक्त समिती, समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, लाटणं घेऊन निघालेले मोर्चे, हे त्या वेळच्या मराठी दैनिकांत रोजच्या रोज आलंय. यातला माझ्या मते खरा प्रश्न लाटण्याचा नाही, फोटोत ते छान दिसतं म्हणून सगळे त्यावरच लिहितात. प्रश्न असा की एरवी एकमेकींच्या पक्षाला पाण्यात पाहणाऱ्या समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका समितीत कशा बसल्या, कोणत्या मुद्द्यावर जमलं, कोणते मुद्दे मुद्दाम बाहेर ठेवले, आणि १९७५ ला आणीबाणी आल्यावर त्या जमलेल्या बायकांचं काय झालं.

यात मुलाखती घेता येतील, त्यासाठी घाई कर, त्या मोर्चात तरुण असलेल्या बायका आता पंच्याहत्तर-ऐंशीच्या आहेत. पुढारी बायकांनी दहा ठिकाणी सांगून झालेलं असतं, ठरलेलंच बोलतात, त्यापेक्षा चाळीतून एकदोनदाच मोर्चाला गेलेली बाई सापडली तर बघ, घरी काय सांगून निघालात, पोरं कुणाकडे ठेवली, पैसे कुणी दिले असं बारीक विचार. ‘तुम्हाला कसं वाटलं’ असं विचारलंस की ‘छान वाटलं’ एवढंच हाती लागेल. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घे, नाव छापू की बदलू ते त्यांना ठरवू दे, लिहून झाल्यावर त्यांचा भाग वाचून दाखव. आणि सन-तारखा त्यांच्या आठवणीवर सोडू नको, पन्नास वर्षांनी दोन मोर्चे मिसळून एक झालेले असतात, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढून ताडून बघ, आणि जुळलं नाही तर दोन्ही लिही.